सवयी मोडणाऱ्या बाई

आमच्या ऑफिसात साखरेचा डबा कुठे आहे हे नक्की ठाऊक असलेली एकच व्यक्ती होती, आणि ती कुणाला सांगत नसे. कधी तो फ्रिजवर असायचा, कधी झेरॉक्स मशीनच्या मागे, आणि एकदा तर डायरेक्टरांच्या कपाटात निघाला. महिन्याच्या पहिल्या सोमवारी आम्ही सगळे दबकत दबकत आत शिरायचो, आपली खुर्ची जागेवर आहे का ते बघत. बहुधा नसायचीच. खिडकीजवळचा माणूस दाराजवळ गेलेला असे, प्रिंटरने भिंत बदललेली असे, आणि कचऱ्याची टोपली अशी हलवलेली असे की दिवसभर लोक सवयीने मोकळ्या फरशीवर कागद टाकत. हा सगळा उपद्व्याप बाई रविवारी स्वतः येऊन, चौकीदाराला हाताशी धरून करत असत.

"सवय झाली ना, की माणूस वाचणं सोडतो," त्या म्हणायच्या. "नियम बदलला तरी हात जुनाच फॉर्म भरतो. हाताला आधीच सांगून ठेवायचं, की बाबा, इथं काही पक्कं नाही."

नियम हेच बाईंचं काम होतं. आमची संस्था नोएडा आणि गुरुग्राममध्ये बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघरं चालवते. आईबाप विटा वाहत असतात तेव्हा मुलं आमच्याकडे खातात, खेळतात, झोपतात. यासाठीचा पैसा बराचसा परदेशी अनुदानातून येतो, आणि असं अनुदान कसं घ्यायचं, कुठे ठेवायचं, कशावर खर्चायचं याचे सरकारी नियम असतात. ते बदलतात, हल्ली तर वरचेवर बदलतात. आपण चुकलो तर परवानगी जाते, आणि परवानगी गेली की पाळणाघराला कुलूप लागतं. म्हणून नियम बदलला की तो ऑफिसातल्या प्रत्येकाच्या गळी उतरवायचा, ही बाईंची जबाबदारी. बाकीचे सगळे त्यांना मॅडम म्हणत. मी मराठी, म्हणून मी बाई म्हणायची.

मी बार्शीची. स्पर्धा परीक्षा द्यायला दिल्लीत आले होते. सगळे प्रयत्न संपले, रिकाम्या हाताने घरी जायची लाज वाटली, तेव्हा नोकरी शोधायला लागले आणि बाईंच्या हाताखाली असिस्टंट म्हणून लागले. मुलाखतीत त्यांनी माझे मार्क वगैरे काही पाहिले नाहीत.

"तुझं पाठांतर चांगलं असेल," त्या म्हणाल्या.

मी अभिमानाने हो म्हटलं.

"अच्छा. मग ते विसरायला किती दिवस लागतील?"

मला काही उत्तर सुचलं नाही. बहुतेक त्यामुळेच मला घेतलं.

बाई जन्मल्या, वाढल्या दिल्लीतल्या पहाडगंजात, मराठी शाळेत शिकल्या, आणि महाराष्ट्रात फक्त लग्नाकार्याला गेल्या. त्यांचं मराठी शुद्ध होतं, पण त्यात मधेमधे हिंदीचे खडे लागायचे. मी सहज बोलताना उलथणं म्हटलं किंवा शिंकाळं म्हटलं की त्या थांबवायच्या, "हे काय असतं?" म्हणून विचारायच्या आणि मग दिवसभर तो शब्द कुठेही वापरायच्या. सुती साडी आणि खाली पांढरे स्पोर्ट्स शूज असा त्यांचा पोशाख. बूट चालण्यासाठी, कारण मेट्रो स्टेशनपासून ऑफिसपर्यंत त्या रोज वेगळ्या रस्त्याने यायच्या. नोएडात सगळे सेक्टर सारखेच दिसतात, त्यामुळे अधूनमधून हरवायच्या. एकदा आमच्या डायरेक्टरांनी गाडीतून जाताना पाहिलं, तर बाई एका कारखान्याच्या गेटवर उभ्या राहून गार्डला आमच्याच ऑफिसचा पत्ता विचारत होत्या. त्या ऑफिसात बाई केस काळे होते तेव्हापासून येत होत्या.

घरी मात्र सगळं उलट. एका दिवाळीला मी त्यांच्या पहाडगंजातल्या घरी फराळाला गेले. खाली हॉटेलांच्या पाट्या, सामानाच्या बॅगा ओढणारे प्रवासी, आणि वर दोन खोल्यांत बाई एकट्या. वडील गेले, मग आई गेली, लग्न केलं नाही. आईच्या वेळी स्टीलचे डबे ज्या क्रमाने फळीवर होते त्याच क्रमाने अजून होते. मी चहा करायला उठले आणि चहापत्तीचा डबा चुकून दुसरीकडे ठेवला, तर त्यांनी बोलता बोलता उठून तो परत जागेवर नेला. मंगळवारी वांगं, बुधवारी मूग, हे मला त्यांच्या टिफिनवरून आधीच पाठ झालं होतं.

"बाई, इथं नाही का हलवाहलवी करायची?" मी विचारलं.

"इथं कुठला नियम बदलणार आहे?" त्या म्हणाल्या आणि मला आणखी एक करंजी वाढली.

नवा नियम शिकवायची त्यांची पद्धत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. प्रोजेक्टरवर त्यांचा विश्वास नव्हता. नियम एकदा वाचून दाखवायचा, आणि मग एकेकाने उठून, सगळ्यांसमोर, आपल्या आईला फोन लावायचा. स्पीकरवर. आईला तो नियम तिच्या भाषेत समजावून सांगायचा. आई नसेल तर मावशी, काकू, सासू, कुणीही चालेल, पण घरचं माणूस हवं. "आईपुढे मोठे शब्द टाकता येत नाहीत," बाई म्हणायच्या. "ती लगेच विचारते, म्हणजे काय."

सगळं परदेशी अनुदान आधी दिल्लीतल्या एकाच खात्यात घ्यावं लागेल, असा नियम आला तेव्हाची गोष्ट. आमचे अकाउंटंट चतुर्वेदीजी, इस्त्रीची घडी न मोडणारे, वयाने बाईंच्या बरोबरीचे गृहस्थ. त्यांनी कानपूरला आईला फोन लावून बराच वेळ तो नियम सांगितला. म्हातारीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तो बेटा, तू खाना खाकर बोल रहा है कि ख़ाली पेट?" सगळं ऑफिस हसलं. चतुर्वेदीजींना पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. डिझाइन करणाऱ्या मुलीची आई केरळात, ती मल्याळममधून काय बोलली ते कुणालाच कळलं नाही, पण बाईंनी नुसत्या आवाजावरून तिला पास केलं. माझी आई म्हणाली, "म्हणजे पाणी आधी एकाच हौदात घ्यायचं आणि मग घरातले हंडे भरायचे, असंच की." बाईंना हे इतकं आवडलं की पुढे कित्येक ट्रेनिंगमध्ये त्यांनी 'बार्शीचा हौद' म्हणून तोच दाखला दिला. उत्तर प्रदेशातल्या, हरियाणातल्या लोकांना बार्शी कुठे आहे ठाऊक नव्हतं, पण हौद कळायचा.

यावरून बाई फार प्रेमळ होत्या असं कुणाला वाटेल. तशा त्या नव्हत्या. ज्याला चटकन कळे त्याच्यावर त्या खूश असत, आणि जो मागे पडे त्याला मागेच सोडत. दोनदा सांगून कळलं नाही की चष्मा काढून पदराने पुसत, आणि तिसऱ्यांदा सांगत नसत. प्रश्न विचारणाऱ्याकडे अशा बघत की पुढच्या वेळी तो प्रश्न गिळायचा. मीसुद्धा कितीतरी वेळा न कळताच मान हलवली आहे आणि मग घरी जाऊन धडपडत वाचलं आहे. मला त्यांचा राग यायचा, आणि त्यांच्यासारखं व्हावंसंही वाटायचं.

मग तो नियम आला. अनुदानातला किती भाग ऑफिसवर खर्च करता येईल, त्यावरची मर्यादा एकदम खाली आली. सोप्या भाषेत सांगायचं तर, टेबलामागे बसणाऱ्यांचे पगार ऑफिसखर्चात धरायचे, मुलांजवळ राबणाऱ्यांचे पगार कामाच्या खर्चात. आमच्याकडे टेबलामागे बसणारे फार झाले होते. डायरेक्टर भले गृहस्थ, पण त्यांनी मीटिंगमध्ये मान खाली घालून सांगितलं की काही लोकांना जावं लागेल. त्या दिवशी जेवायच्या सुट्टीत कुणी कुणाचा डबा उघडून पाहिला नाही. मला घरभाडं होतं, आईला पाठवायचे पैसे होते, आणि मी सगळ्यांत शेवटी लागलेली. माझं नाव पहिलं असणार हे मी धरून चालले होते.

बाई मात्र उभ्या राहिल्या. "माणसं काढायची नाहीत, हलवायची," त्या म्हणाल्या. "ज्याला मुलांत काम करता येईल त्याला पाळणाघरात पाठवू. पण सर, नुसतं कागदावर दाखवणं बिल्कुल नाही. खरंच बसावं लागेल मुलांत, खरंच त्यांची नाकं पुसावी लागतील. मला थोडा वेळ द्या, मी तयार करते सगळ्यांना."

डायरेक्टरांनी पावसाळ्यापर्यंतची मुदत दिली.

पुढचे काही आठवडे ऑफिसात जे चाललं ते आठवलं की अजून हसू येतं. बाईंनी एकेकाला धरून पाळणाघरात सोडलं. डिझाइनवाली मुलगी भाताची पेज करायला शिकली. चतुर्वेदीजी, ज्यांनी स्वतःच्या नातवालाही कधी पॅंटच्या इस्त्रीवर बसू दिलं नव्हतं, ते पहिल्या दिवशी शर्टावर वरणाचे डाग घेऊन परत आले आणि काहीच झालं नाही अशा चेहऱ्याने खुर्चीत बसले. दुसऱ्या आठवड्यात ते जुना शर्ट घालून जायला लागले. तिसऱ्या आठवड्यात कळलं की त्यांना अंगाईगीतं येतात, आणि गळाही बरा आहे. एकामागून एक माणसं हलली. कुणाचाही पगार थांबला नाही. बाईंच्या कारकिर्दीतलं हे सगळ्यांत मोठं काम होतं, असं मी आजही मानते.

शेवटी हिशेब एका खुर्चीवर येऊन अडकला. नियम बघायला ऑफिसात एकच माणूस ठेवता येणार होता, आणि आम्ही दोघी होतो. मुलांचं काम मला बरं जमलं होतं, तेव्हा जाणार मीच, असं सगळे समजून होते. बाईंच्या निवृत्तीला अजून काही वर्षं होती आणि ऑफिसाबाहेर त्यांना दुसरं काही नव्हतं.

"मी जाते पाळणाघरात," बाई मीटिंगमध्ये म्हणाल्या. "हिला अजून इथलं शिकायचंय. मला पोरांचं शिकायचंय."

"मॅडम, आप?" डायरेक्टर म्हणाले.

"का? मी सगळ्यांना पाठवलं. मला काय झालं?"

मला सुटल्यासारखं वाटलं आणि भीतीही वाटली. तिथं जमलं नाही तर बाईंसाठी दुसरी जागा नव्हती. हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही.

गुरुग्रामला उंच उंच इमारतींच्या मधे, अर्धवट बांधलेल्या एका टॉवरच्या तळमजल्यावर आमचं एक पाळणाघर होतं. चतुर्वेदीजी तिथेच होते. बाई तिथे रुजू झाल्या. पांढरे बूट दाराशी काढून ठेवायच्या आणि मुलांशी मोठ्या माणसांशी बोलावं तसं बोलायच्या. मूल उचलायच्या ते भरलेलं पातेलं उचलावं तसं, अंगापासून लांब धरून. मुलं त्यांना घाबरत नव्हती, पण बिलगतही नव्हती. तरी बाई रोज वेळेवर जात होत्या आणि मला फोनवर सांगत होत्या, "होईल, होईल."

एका सोमवारी दुपारी मी तिथल्या कामाची पाहणी करायला गेले. बाहेरूनच रडण्याचा गलका ऐकू आला. आत पाहते तर सगळी मुलं भोकाड पसरून रडताहेत आणि बाई मधोमध उभ्या. महिन्याचा पहिला सोमवार होता. बाईंनी सकाळी लवकर येऊन मुलांच्या झोपायच्या दऱ्या, म्हणजे सतरंज्या, हलवल्या होत्या. भिंतीजवळची दारापाशी, दारापाशीची कोपऱ्यात, कुणाची कुठे. पिंकी नावाची एक चिमुरडी, जेमतेम अडीच वर्षांची, तिची दरी खिडकीकडे गेली होती. ती खिडकीकडे गेलीच नाही. खांबाला लागून, जिथं रोज तिची दरी असायची तिथं, उघड्या फरशीवर आडवी झाली होती आणि हुंदके देत होती. उचलून दरीवर ठेवली की उठून परत तिथेच यायची.

"सवय होईल त्यांना," बाई मला म्हणाल्या. पण त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

चतुर्वेदीजी एका बाळाला खांद्यावर घेऊन थोपटत होते. ते हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, इनका तो हर कुछ महीने में घर ही बदल जाता है. साइट ख़त्म, सामान उठाओ, दूसरी साइट. एक यही दरी है जो दूसरे दिन भी वहीं मिलती है."

बाईंनी वाकून पिंकीची दरी उचलली आणि खांबाजवळ आणून अंथरली. ती लगेच त्यावर पालथी झाली. मग दुसरी दरी, मग तिसरी. कुठली कुणाची कुठे होती हे त्यांना आठवेना, तेव्हा त्या मुलांनाच विचारत होत्या, आणि मुलं रडत रडतच बोट दाखवत होती. मी मदतीला पुढे झाले तर त्यांनी हाताने थांबवलं. मला त्या वेळी त्यांची इतकी कणव आली की मी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेले.

त्यानंतर त्यांनी कधी दरी हलवली नाही. पावसाळा संपेपर्यंत त्या मनापासून झटल्या. गाणी पाठ केली, पण सूर लागेना. पेज ढवळली, पण भरवताना मूल तोंड फिरवून चतुर्वेदीजींकडे जाई. कुणाचा दोष नव्हता. काही हातांकडे मुलं जातात आणि काही हातांकडे जात नाहीत, आणि हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

डायरेक्टरांनी आम्हा दोघींना बोलावून घेतलं. "आप दोनों अदला-बदली कर लीजिए," ते म्हणाले. "मॅडम अपनी कुर्सी पर, और ये बच्चों में. किसी को बुरा नहीं लगेगा."

"बाई, मी जाते," मी म्हटलं. "मला खरंच चालेल. मला आवडतं तिथे." हे मी अगदी मनापासून म्हणत होते.

"तुला चालेल हे मला माहितीये," बाई म्हणाल्या. "पण मी परत त्या खुर्चीत बसले तर काही वर्षांत रिटायर होईन. तोपर्यंत तू नियम विसरलेली असशील. मग पुढचा बदल आला की इथं कोण?" मग त्या डायरेक्टरांकडे वळून हिंदीत म्हणाल्या, "मुझसे नहीं हुआ, तो जगह ये क्यों छोड़े?"

त्याच दिवशी त्यांनी राजीनामा दिला. डायरेक्टरांनी खूप समजावलं, पण बाई ऐकणाऱ्यांतल्या नव्हत्या. मी त्यांना मेट्रोपर्यंत सोडायला गेले. स्टेशनखाली चहाची टपरी आहे, तिथे आम्ही उभ्या राहिलो. मला रडू येत होतं आणि ते त्यांना दिसत होतं.

"इतक्या लोकांना बदलायला शिकवलं यार," त्या म्हणाल्या, "आणि मी स्वतः नापास."

"नापास काय म्हणता बाई."

"खोटं बोलू नकोस. नापास म्हणजे नापास." चहाचा ग्लास त्यांनी दोन्ही हातांत धरला होता. "तिथं मला रोज वाटायचं, सगळ्यांना येतंय, मलाच येत नाहीये. कुणाला सांगायचं? चतुर्वेदीजींना सांगायला लाज वाटायची. मग माझ्या लक्षात आलं की माझ्या ट्रेनिंगमध्ये किती जण असेच बसत असतील. माझ्यासमोर कुणी कधी बोललं नाही. मी बोलूच दिलं नसेल."

ते खरं होतं.

"एक काम कर. यापुढे ट्रेनिंग तूच घेशील. सुरुवातीलाच सांग की आमच्याकडे एक बाई होत्या, नियम शिकवायच्या, आणि त्यांना स्वतःला नाही जमलं. नाव सांगितलंस तरी चालेल."

त्या आता पहाडगंजातल्या घरीच असतात. शेजारच्या मुलांना इंग्रजी शिकवतात. मी अधूनमधून जाते, आणि नव्या नियमांविषयी त्या अजून खोदून खोदून विचारतात. त्यांचं नाव मात्र मी ट्रेनिंगमध्ये कधी घेतलेलं नाही. तेवढं माझ्याच्याने होत नाही. बाकी त्यांनी सांगितलं तसंच सांगते, अगदी पहिल्या वाक्यात.

मागे गुरुग्रामला लहान लहान संस्थांच्या लोकांसाठी एक ट्रेनिंग होतं. नियम पुन्हा बदलले होते आणि सगळ्यांचे चेहरे उतरले होते. शेवटच्या रांगेत एक पिकल्या केसांचे गृहस्थ बसले होते, कुठल्याशा वसतिगृहाचा कारभार बघणारे. सकाळपासून ते प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. चहानंतर मी पुढचा भाग सुरू करणार, इतक्यात ते उठले, टेबलाचा कोपरा धरून उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, वो जो आपने सुबह बताया था, जिनसे नहीं हो पाया. मैं भी वही हूँ. मुझे अब तक कुछ समझ नहीं आया."

कुणी हसलं नाही. थोड्या वेळाने मधल्या रांगेतून एक हात वर आला, मग खिडकीजवळून आणखी एक. बाई तिथं असायला हव्या होत्या असं मला फार वाटलं. मी बोर्ड पुसला, आणि पहिल्या नियमापासून पुन्हा सांगायला लागले.